जोडाक्षर

औशातल्या निम्म्या दुकानांवरची नावं माझ्या हातची.
बागवानाच्या फ्रूट सेंटरचा फ बघा,
शेपटीवरून लोक ओळखतात ब्रश कुणाचा ते.
आणि मंगळवारी फोन आला:
उत्तरेश्वर पांचाळ, तुमचा हप्ता थकलाय.

मी शिडीवर, बोटांत डबा अडकवलेला.
कसला हप्ता?
बाई म्हणाली, बेचाळीस हजार, सर,
ऑनलाइन घेतलेत तुम्हीच.
सर म्हणाली.
आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

कुठं सांडलो असेन मी?
सिमकार्डवाल्याकडं एक झेरॉक्स, गॅसवाल्याकडं एक,
झेरॉक्सच्या दुकानाचा बोर्डही मीच रंगवलेला,
तिथंच एखादी काळपट आलेली प्रत
कोपऱ्यात पडली असेल चेहऱ्यासकट.

प्रांजलनं एकोणीसशे तीस लावला,
रात्रीतच खातं थांबवलं पोरीनं.
सकाळी सेतूवर.
आधारला कुलूप लावायचं तर जुना नंबर बदला,
नंबर बदलायचा तर अंगठा द्या.
दिला. उमटला नाही.
तीस वर्षं टर्पेंटाइननं धुतलेला अंगठा,
रेषा कुठल्या राहतात त्याला.
पुसून दिला, कोमट पाण्यात बुडवून दिला,
यंत्र म्हणतं, हा तो नव्हे.
आणि तिकडं कुणीतरी
एका झटक्यात मी होऊन बसला.

लातूरला सायबर ठाण्यात
हवालदारानं कर्जाचा कागद पुढं सरकवला.
फोटो माझा. पत्ता माझा.
जन्मतारीख एक जून,
शाळेत गुरुजींनी अंदाजानं ठोकलेली,
तीसुद्धा नेली बिचाऱ्यानं खरी समजून.
खाली नाव: उतरेश्वर.

मी बोट ठेवलं. साहेब, हा मी नव्हे.
कामून?
ह्यात त एकच हाय.
माझ्यात एका दांडीला दोन आडव्या रेघा असतात.
सगळं उचललं त्यानं,
वरची रेघ तेवढी राहिली माझ्याकडं.

हवालदार हसला.
ह्यानं काय केस मिटत नाही काका, पण लिहितो.
त्यानं लिहिलं.
त्यानंही एकच त लिहिला.

मी पेन मागून घेतला,
श्वास धरला, बोर्डावर धरतो तसा,
आणि रेघ ओढली.

तक्रारीची पोच देव्हाऱ्याच्या मागं खोचलीय.
पासवर्ड बदललाय, विचारू नका.
फोन अजून येतात.
बाई अजून सर म्हणते.