पाऊणपट

तिथीला तीननं गुण, चारनं भाग.
लग्न होऊन चोडणला आले तेव्हा
तिनं मला शिकवलेली पहिली गोष्ट हीच.
खतखतं नाही, सोलकढी नाही,
कुळाचार तर फार पुढे, आणि तोही अर्धामुर्धा.
आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा.
अष्टमीला सहाला भरती.
मी बेळगावची. म्हटलं, आमची मार्कंडेय एकाच दिशेला वाहते.
"तर तुमचें बरें," ती म्हणाली,
आणि पेजेवर झाकण ठेवलं.

सगळा गाव तिला वयनी म्हणायचा.
दीर म्हणायचे म्हणून मुलं म्हणू लागली,
मुलं म्हणायची म्हणून फेरीबोटीवरचा खलाशी,
पाववाला कायतान, देवळातले भटसुद्धा.

सासरे आगबोटीवर गेले. बसऱ्याहून तीन पत्रं आली,
मग आली नाहीत.
त्या वर्षी मानशीची पावणी बांधावरच झाली,
चौदा पुरुष आणि ती.
कुणीतरी म्हणालं, बायलमनशाक रातचें उदक कळटा?
तिनं बोली पाच रुपयांनी चढवली
आणि विचारलं, कंदील कितीला मिळतो.

मग वर्षानुवर्षं अपरात्री उठणं.
ओहोटी लागली की दारं उघडायची, तोंडाला जाळं,
खाजनातलं पाणी धावत नदीकडे,
आणि जाळ्यात काळुंदरं, शेवटे, सुंगटं, कधी एखादा साप.
थोरल्याचं कॉलेज सुंगटांनी केलं,
धाकटीचं लग्न शेवट्यांनी.
मधल्याची दारू कशानं झाली
ते ती कधी बोलली नाही.

गोड नव्हती ती. हेही लिहायला हवं.
पाटीतली मासळी मोजून द्यायची, पोटच्या मुलीलासुद्धा.
तिचं तांब्याचं भाण मी फ्रीजसाठी मोडीत घातलं
तेव्हा अकरा महिने माझ्याशी अबोला.
फक्त रोज संध्याकाळी, भिंतीकडे बघून:
पावणेचार.
किंवा: साडेचार.
मी भिंतीलाच हो म्हणायची.

माणूस ओहोटीबरोबर जातं म्हणतात.
षष्ठीच्या रात्री मी तिच्या उशाशी बसले होते.
हात थंड झाला तेव्हा रडू नाही आलं, गुणाकार आला.
सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार.
वाजले होते तीन.
म्हणजे पाणी चढत होतं,
मानशीची दारं आपसूक मिटलेली.
सगळ्या नदीच्या उलट गेली,
कुणाला न विचारता.

वारसाच्या कागदांना जन्माचा दाखला लागला.
रेशनकार्डावर होतं ते सासरचं नाव, राधा.
माहेरचं कुणालाच ठाऊक नव्हतं.
थोरला म्हणाला, वयनीच लिहा. कारकून हसला नाही.
पोर्तुगीज वहीत, उसाच्या कांड्यासारख्या तिरक्या अक्षरात,
शेवटी सापडलं: सुरंगा.
आणि मला आठवलं, शेजारीण दर वर्षी
सुरंगीचा वळेसर आणून द्यायची
आणि ती तो माळायची नाही, तुळशीवर ठेवायची.
आम्हाला वाटायचं, वास सोसत नाही.
बसऱ्याच्या पत्रांत मायना काय होता,
हे विचारायचं राहिलं.
पत्रंही कुठे आहेत कोण जाणे.

मानस आता कुणा कंत्राटदाराकडे आहे.
त्याच्या मोबाईलवर भरतीचं कोष्टक येतं.
तरी परवा रायबंदरच्या धक्क्यावर
त्याचा पोरगा स्कूटर ढकलत आला आणि म्हणाला,
वयनी, आज कितीला?
मी मागे वळून पाहिलं.
मागे कुणी नव्हतं, नुसती रांग.

द्वादशी. बारा त्रिक छत्तीस.
नऊ, मी म्हणाले.
आणि फेरी सुटल्यावर, पदराआड,
बोटांवर पुन्हा एकदा मोजलं.
ती मोजायची नाही.