टॉवेलखाली

दुसरं वर्ष, मिरजेत पोस्टिंग.
आत्या अजून विचारते,
"बोलायला शिकवायला बी कालिज लागतंय व्हय?"
माझ्या पिशवीत जिभेच्या लाकडी पट्ट्या, हातातला आरसा,
चित्रांची कार्डं : कप, कुलूप, कासव.

भुपालअण्णा कुलपाला साखर म्हणतात.
कासवालाही साखर.
पद्माक्काकडे बघून ओठ जुळवतात, नाव येत नाही,
शिवी मात्र येते स्वच्छ, काना-मात्रेसकट.
शिव्या मेंदूत वेगळ्या खोलीत राहतात,
मी पेपरात लिहिलं होतं. दहापैकी सात.

चाळीस वर्षं सांगलीच्या यार्डात हळदीचे सौदे.
म्हणा अण्णा, ह.
"साखर," म्हणतात, आणि डोळे पुसतात
चालत्या, डाव्या हातानं.

काल मी कार्डं विसरले.
त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला,
माझ्या हातावर टाकला
आणि खालून बोटं धरली.
आधी दोन, मग आख्खी मूठ,
मग करंगळीचं एक पेर.
मला भाव कळेना.
दारातनं पद्माक्का म्हणाल्या,
"देऊ नको गं. तोंडावरनं दिसतंय, फसवतायत."

मी अंदाजानं तीन बोटं दाबली.
अण्णांनी मान हलवली,
हिला काहीच येत नाही, अशी,
आणि पुन्हा पहिल्यापासून
सावकाश
शिकवायला घेतलं.

रात्री अहवाल भरला.
रुग्णाची भाषा : मराठी.
पुढं स्वल्पविराम दिलाय.
काय लिहायचं ते मॅडमना विचारेन.