छाट

साखर पेठेत माझा स्टुडिओ. वर पत्रा, आत निळा पडदा.
लग्नं, बारशी, आणि गेलेल्यांचे मोठे करून दिलेले फोटो.
गेलेल्याला मी कोटही चढवून देतो,
पन्नास रुपये जास्त.

संस्थेच्या बाईंनी विचारलं, विडी कामगारांचे काढाल का?
बोटांचे, पाठीचे, खोकल्याचे.
साहेबांना दाखवायचेत.
मी म्हटलं, खोकल्याचा फोटो कसा निघणार?
त्या म्हणाल्या, बघा की.

गेलो घरकुलात.
दारादारात मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
ओल्या फडक्यात पानं.
कातरीच्या वेगानं तेलुगूत बोलणं,
मधेच माझ्यापुरतं मराठीत:
"काय करलालाव भाऊ? लग्न कुणाचं हाय?"

राजमणी चिट्याल. पूर्वी हजार वळायची, आता सातशे.
रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही,
पानावर घासून रेषा गेल्यात.
दुकानदार म्हणतो, दुसरं बोट लाव.
दुसरंही तसलंच.

तिचा काढला मी. तिरपं ऊन,
उन्हात तंबाखूची धूळ सोन्यासारखी,
ती खोकताना वाकलेली, पदर तोंडावर.
काळापांढरा करून मोठा छापला.
रात्री दोनदा उठून पाहिला.
खोटं कशाला, बक्षिसाचं मनात आलं.

शनिवारी ब्रँचच्या ओट्यावर सगळे मांडले.
इथंच रोज चेकर बसतो.
कट्ट्यातली विडी दोन बोटांत दाबतो,
न बोलता बाजूला टाकतो. छाट.
तिचे पैसे नाहीत.

बायकांनी फोटो दोन बोटांत धरले,
अगदी तसेच.
हा छाट, पोरीचा शेंबूड दिसतोय.
हा छाट, घर कसलं घाण वाटतंय,
पहाटे उठून पुसते मी.

राजमणीनं आपला बराच वेळ धरला.
"वद्दू," म्हणाली.
"हार तेवढा घालायचा राहिलाय ह्याला."
मी उजेडाबद्दल काहीतरी सांगू लागलो.
"उजेड चांगला हाय.
दवाखान्याचं कुलूप कुठं हाय ह्यात?"

दवाखाना समोरच. बोर्डावर वेळ, नऊ ते एक.
त्याच्याच पायरीवर बसून
मी लेन्स पुसली होती.

मग तिनंच काढायला घेतले,
नातीच्या, श्रीलताच्या, तडा गेलेल्या मोबाईलवर.
रोज माल देऊन परतताना,
दाराच्या कडीत त्या दिवसाचं कॅलेंडरचं पान अडकवून.
कुलूप, सोमवार. कुलूप, मंगळवार.
कुलूप आणि शेळी.
कुलूप आणि अंबूबाई येलदी, पायरीवर, धापा टाकत.
अंबूबाईच म्हणाली, माझं तोंड येऊ दे.
काही हललेले. एकात निम्मं नुसतं बोटच,
ते मी नंतर मोठं करून पाहिलं. गुळगुळीत.

त्रेचाळीस झाले. पोस्टकार्डाएवढे छापून दिले.
पैसे घेतले नाहीत...
नाही, कागदाचे घेतले. वर्गणी काढून आणले होते,
परत कसे देणार?

साहेबांच्या व्हरांड्यात टांगले,
विडीला बांधायचा तोच दोरा, तिहेरी करून.
साहेब या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले.
म्हणाले, अहो, हा सगळा एकच फोटो आहे.
"तेच की," राजमणी म्हणाली.

आता डॉक्टर येतात. मंगळवारी आणि शुक्रवारी.
शुक्रवारी बहुधा येत नाहीत.

परवा अंबूबाई स्टुडिओत आली,
सिव्हिलमधून थेट, हातात मोठा पिवळा लिफाफा.
"तुम्ही फोटोवाले. हा कसा आलाय सांगा."
मी एक्स-रे खिडकीशी धरला.
बरगड्या, आणि मधे धुकं.
त्यातून पेठेतला रस्ता दिसत होता, एक हातगाडी चाललेली.
"छाट काय?" तिनं विचारलं.
मी म्हटलं, नाही. जपून ठेवा.

राजमणी शुक्रवारची पानं
अजून फाडून ठेवते.