किलोमागे चाळीस ग्रॅम

येलदरीच्या पाण्यातून मुंजाजीनं कटला काढला
आणि सकाळी सातला माझ्या दुकानापुढं आणला,
हातगाड्यावर, ओल्या गोणपाटाखाली.
शेपूट बाहेर, लोक मागं.

सोसायटीचा ताणकाटा वीस किलोलाच दम टाकतो.
जिंतूरचा भुसार काटा मंगळवारी बंद.
राहिला माझा.

आधी लांबी. अजमत टेलरनं गळ्यातला टेप काढला,
सवयीनं कानामागचा खडूही काढला,
माशाला जसा काही सदरा शिवायचाय.
चार फूट दोन इंच.
"टेपचा शेंडा झिजलाय माझ्या," तो आपणहून म्हणाला,
"अर्धा इंच कमी लिवा."
मला त्याचं ते बोलणं
तेव्हाच आवडलं नव्हतं.

परभणीहून मत्स्य खात्याच्या मॅडम आल्या साडेदहाला.
तोवर माशाच्या डोळ्यावर साय धरली होती,
कौसाबाई दर पाच मिनिटाला तांब्याभर पाणी ओतत होती त्याच्यावर
आणि आसरूबाचा नातू कैलास
दर वेळी म्हणत होता, "पाण्यानं वजन वाढतंय, काकू."
सोसायटीच्या वहीत त्याच्या आज्याचा आकडा आहे:
चाळीस किलो शंभर ग्रॅम, धरणाच्या भिंतीजवळ, साल अठ्ठ्याण्णव.
वहीला वाळवी लागली, आकड्याला नाही.

फोटोसाठी मुंजाजीनं मासा हात लांब करून पुढं धरला.
"असा नको," मॅडम म्हणाल्या, "असा बोंबीलही देवमासा दिसतो.
खाली ठेवा. शेजारी असं काहीतरी ठेवा
ज्याचं माप सगळ्यांना माहिताय."
कुणीतरी माझ्या फळीवरून
एक किलो साखरेचा पुडा काढला
आणि माशाच्या गालाशी टेकवला.

मी तो पुडा रविवारी बांधला होता.
त्यात किती साखर आहे
ते मला माहीत आहे.

मग चौघांनी उचलला. ताटात मावेना,
खाली पाट घातला, पाटाचं वजन शून्य केलं.
आकडे लाल, पळत होते,
थांबले:
एकेचाळीस, तीनशे.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. मॅडमनी फॉर्मवर पेन टेकवला
आणि माझ्याकडं बघितलं.
"काटा बरोबर आहे ना?"

किलोमागे चाळीस ग्रॅम.
एकेचाळीस तीनशेला किती होतात
हा हिशेब मी झोपेतही करतो.
आसरूबा जिंकतो. चारएकशे ग्रॅमनं.
पण ते सांगायचं म्हणजे
गावाची तेरा वर्षांची डाळ, गूळ, शाबू
सगळं एका वाक्यात परत मोजायचं.

शिक्का गेल्या सालचा होता, पिठाखाली.
मी फडकं शोधायला वाकलो.
मुंजाजी पाटाची कड धरायला वाकला.
त्याच्या अंगाला शेवाळाचा वास होता, आवाज खाली:
"गुंडेवार शेट, पाण्यातून वर घेतानाच कळलं व्हतं हाताला.
चाळीस भरत न्हाई.
पर तेरा वर्सं तुमचा काटा तुमच्याकडूनच पडलाय.
आज एक डाव
माज्याकडून पडू द्या."

मी उठलो. "बरोबर आहे," म्हणालो.
कौसाबाई तांब्या घेऊन माझ्याकडं बघत राहिली,
हसली की नाही, सांगता येत नाही,
पदर तोंडाला होता. वासानं असेल.

दुपारी मासा तिथंच कापला.
अर्धा किलो, पाव किलो, माझ्याच काट्यावर,
कैलासनंही एक तुकडा नेला, डोक्याकडचा,
आणि पैसे देताना पुटपुटला,
"सगळ्यांचे तुकडे बेरजेला धरले तर
मासा अजून मोठा निघंल."
त्याला काय म्हणायचं होतं, मी विचारलं नाही.

रात्री शटर ओढताना दिसलं:
ताटाला एक खवला चिकटलेला, रुपयाएवढा.
नखानं काढून बघितला. दिव्यापुढं धरला.
आत वर्षांच्या रेघा, एकाआड एक,
बारीक, कुणीही न आखलेल्या.
परत काट्यावर ठेवला.

शून्य, म्हणाला काटा.
शून्य, शून्य, शून्य.