पाहा: शिरवा

झोम्बाला वीज गेली तेव्हा
आवेतुच्या पडद्यावर शेवटचं उरलं होतं: शून्य निकाल.

तीन दिवस ती चिल्वा तळ्याकाठच्या बायका शोधतेय,
गवत जाळून, राख गाळून
मीठ काढणाऱ्या.
तिची पणजी त्यांतली. फोटो नाही.
परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाकडे काहीतरी आहे म्हणे,
पण दाराशी पासवर्ड,
आणि एका लेखाची किंमत
तिच्या आठवड्याच्या जेवणाएवढी.

ग्रंथपाल नामलोंबा चष्मा पुसत उठले.
कार्डांचा खण ओढला. अर्ध्यात अडला.
गुडघ्याने ठोकला.
"चिल्वा नको, शिरवा बघ.
साहेबाला जे ऐकू आलं ते त्यानं लिहिलं.
आता त्याच्याच कानानं शोधायचं."

शिरवा. पिवळं कार्ड, कोपरा वाळवीनं नेलेला.
मीठ, स्थानिक, किरकोळ. खोका एकवीस.

खोक्यात कराच्या याद्या.
झोपड्या मोजलेल्या, पुरुष मोजलेले,
एका पानाच्या तळाशी पेन्सिलीनं:
बाई. पैसे नाहीत. मीठ दिलं.

नाव नाही.
आवेतुनं ती ओळ बोटानं वाचली,
मग जिभेनं, आवाज न करता.

वीज आली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत;
संध्याकाळी परत जाणारच होती.
नामलोंबांनी एक कोरं कार्ड पुढं सरकवलं
आणि स्वतःचं पेन.

तिनं लिहिलं:
चिल्वा. मीठ. बायका.
जरा थांबून, पणजीचं नाव,
घरात म्हणतात तसं.
आणि खाली, पुढं येईल त्याच्यासाठी,
पाहा: शिरवा.

खण लावताना पुन्हा अडला.