शेपटात बसणाऱ्याची कॉलर

सातही जणांचं धुणं माझ्याकडे यायचं,
दर मंगळवारी, उशीच्या अभ्र्यांत कोंबलेलं.
नावं बघायची गरज नसे.
वैमानिकाच्या बाह्या कोपराशी झिजलेल्या,
इंजिनवाल्याच्या खिशाला तेल,
आणि आयव्हर पेनवॉर्डनची कॉलर
आतून चौफेर विरलेली.
शेपटातल्या काचेच्या खोक्यात
बाकी सहांकडे पाठ करून बसायचा तो,
आठ-आठ तास मान फिरवत,
डावीकडे, वर, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.
"बाकीचे पुढचं बघत जातात," म्हणायचा,
"मला फक्त सोडून आलेलं दिसतं."

मी कॉलर उसवायची, उलटी करून शिवायची.
महिन्याभरात ती बाजूही विरायची.

कॉर्नवॉलचा पोर. बाप पाटीच्या दगडाच्या खाणीत.
विशी पुरती लागली नव्हती.
मागच्या पायरीवर बसून
उकडलेला बटाटा मीठ लावून खायचा, सालासकट,
आणि मोहिमा धुण्यांत मोजायचा.
तीस झाल्या की सुटका.
"अजून अकरा धुणी, मिसेस सार्डसन."
"अजून आठ."
जानेवारीत, बादलीवर बर्फाची साय धरायची तेव्हाही
त्याचे गंजिफ्राक घामानं कडक होऊन यायचे,
दुमडले तर मीठ पडेल असे.
त्यावर मी कधी बोलले नाही. तोही नाही.

एकदाच विचारलं त्यानं,
काजळी कशानं निघते.
घासायची नाही, पसरते, मी म्हटलं.
आधी कोरडीच झटकायची.
तो दोरीवरच्या माझ्या चादरींकडे बघत राहिला.
"तिथंही कुणी वाळत घातलं असेल ना," म्हणाला,
"रात्री आत घ्यायला विसरलं असेल."
मग बटाटा अर्धाच ठेवून सायकलवर बसला.

त्या बुधवारी एकवीस विमानं गेली.
गावात सगळेच मोजायचे, कबूल कुणी करत नसे.
पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या
मी एकोणिसापर्यंत पोचले
आणि मग दूधवाल्याची गाडी आली.
शुक्रवारी टेबलावर सात गठड्या,
इस्त्री करून, सुतळीनं बांधून.
फाटकाची कडी वाजली नाही.

सोमवारी एक अधिकारी यादी घेऊन आला.
शर्ट तीन, गंजिफ्राक चार, मोजे साडेतीन जोड.
अर्धा जोड कसा, त्यानं विचारलं.
दुसरा सुयांवर होता,
टाच विणायची राहिलेली.
त्यानं खोडून तीन केलं.

मे महिन्यात कॉर्नवॉलहून पत्र आलं,
शाळा सुटून फार वर्षं झालेल्या हाताचं.
कॉलरवरचे टाके माझे नव्हेत,
पण चांगले आहेत. आभार.
खाली एक ओळ खोडलेली,
मग तीच पुन्हा लिहिलेली:
सगळ्याला साबणाचाच वास येतो.
एखादी वस्तू, न धुतलेली,
चुकून तुमच्याकडे राहिली आहे का?

कोळशाची खोली पाहिली,
पिळण्याच्या यंत्रामागे हात घालून पाहिला,
अभ्रेसुद्धा उलटे करून पाहिले.
काही नव्हतं. माझं काम स्वच्छ, सगळं गाव सांगतं.
उत्तर लिहायला नऊ दिवस लागले
आणि त्यात मी बहुतेक बटाट्यांबद्दलच लिहिलं.

तेव्हापासून मंगळवारचं धुणं मी मंगळवारी करत नाही.
नवी पोरं कुरकुरतात, कपडे वेळेवर मिळत नाहीत म्हणून.
एकानं तर दुसरी बाई शोधली.
शोधू दे.
ती जातात, मी मोजते,
ती येतात, मी मोजते,
मग पाणी तापत ठेवते.

दारामागे आत्ता तीन गठड्या आहेत,
मळक्या, तशाच बांधलेल्या.
अजून कुणी यादी घेऊन आलेलं नाही.