वर साठ पानं

सकाळच्या शाळेत, शेवटच्या तासाला,
रहांगडाले सरांनी फळ्यावर लिहिलं : मिरियड.
म्हणाले, असंख्य. अगणित. चांदण्या, वाळू, असलं काही.
मागे ऑफ लावला तरी चालतो, नाही लावला तरी चालतो,
पण पेपरात लावू नका,
तपासणारा कोण निघेल सांगता येत नाही.

मागून धनपाल ओरडला, म्हणजे आपलं गंज ना सर?
गंज पोट्टे. गंज डास.
सगळे हसले. मी नाही हसले.
आमच्या घरी गंजात भात शिजतो,
त्याच्या गळ्याशी एक चीर आहे,
तिच्यावर पाणी घालायचं नसतं.

कपाटातल्या वाळवी लागलेल्या डिक्शनरीत पाहिलं,
त्या पानाचा कोपरा शिल्लक होता :
मूळ ग्रीक. दहा हजार.
म्हणजे असंख्याला आधी संख्या होती,
मग कधीतरी कोणी मोजायचं सोडलं.

घरी आले तेव्हा माय पडवीत पुडे बांधत होती.
पस्तीस पानं उताणी, पस्तीस पालथी,
वाखाची गाठ, दातानं ओढून.
बोटं काळी, तोंडानं आकडा नाही.
तिला म्हटलं, इंग्रजीत एक शब्द आहे,
मोजता न येणाऱ्याले. खरा अर्थ दहा हजार.

ओठ हलले तिचे, पापण्या नाही हलल्या.
"एकशे बेचाळीस पुडे.
वर साठ पानं."

वहीच्या मागच्या पानावर मी भागाकार केला,
दोनदा केला.

"मंग मोजता येते ना व," ती म्हणाली,
"ज्याले बांधाचं नसन, त्यानं काढला असन शब्द."

परीक्षेत वाक्यात उपयोग आला.
लिहिलं, माझी आई मिरियड पानं बांधते.
ऑफ लावला नाही.
सरांनी पूर्ण गुण दिले, शेजारी लाल शाईत छान.
मायला दाखवायला गेले नाही ते पान.

संध्याकाळी फडावर मुन्शी कटरे
पुडा हातात घेतो, नुसता तोलतो,
सत्तरीला एक कमी असलं तरी त्याला कळतं.
बाजूला फेकतो.
म्हणून ती साठ पानं माय फडावर नेतच नाही.
ओल्या पोत्याखाली झाकून ठेवते,
वर एक चपटा दगड.

दहा उद्या मिळतील.